कोगनोळीहून फियोर्डला, व्हाया फोंडाघाट

कोगनोळी म्हटलं की पुणे-बेंगळुरू हायवेवरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात: टोलनाका आणि राज्याची हद्द. पलीकडं कागल, अलीकडं आपण, मधे दूधगंगा. हजारो गाड्या इथं वेग कमी करतात, पैसे भरतात आणि सुसाट निघून जातात. सहलीचा आराखडा इथूनच आखावा, असं कुणाच्या मनात येत नाही.

यायला हवं. स्वित्झर्लंडचे डोंगरातले तलाव आणि नॉर्वेचे फियोर्ड एकाच सहलीत बघायचे तर पासपोर्ट, व्हिसा, गरम कपडे आणि बहुधा सोसायटीचं कर्ज लागतं. निपाणीहून देवगडला जाणाऱ्या राज्यमार्गाला यातलं काहीच लागत नाही. मुरगूड, मुधाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट करत हा रस्ता तलावांच्या काठानं चढतो आणि घाट उतरून थेट खाड्यांच्या मुलखात नेऊन सोडतो. परत यायचं आंबोलीवरून. तीन दिवस, दोन रात्री. पुढचा मजकूर प्रवासात एकमेकांना सांगायला. ज्याला घाटात गाडी लागते त्याला तर मोठ्यानं वाचून दाखवावा, लक्ष दुसरीकडं जातं.

आमचे तलाव हातानं केलेले

आल्प्समधले मोठे तलाव हिमनद्यांनी खणले. बर्फाचे प्रचंड लोट हजारो वर्षं दऱ्या खरवडत खाली सरकले, मग वितळले आणि मागं उरलेल्या खड्ड्यांत पाणी साठलं. म्हणून तर इटलीतला लेक कोमो चारशे मीटरहून खोल आहे आणि नॉर्वेतला हॉर्निनडाल ५१४ मीटर, म्हणजे युरोपातला सर्वांत खोल.

सह्याद्रीवर असली हिमनदी सरकली नाही. इथं पाऊस धो-धो पडतो आणि तितक्याच घाईनं निघून जातो. त्यामुळं दाजीपूरच्या वाटेवर निळंशार पाणी दिसलं की समजावं, कुणीतरी भिंत घातलेली आहे.

पहिली भिंत काळम्मावाडीची. आपल्या दूधगंगेवरचं हे धरण महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांचा मिळून प्रकल्प आहे. साठा सुमारे २५.४० टीएमसी. वर्तमानपत्रात रोज येणारा हा टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर २,८३२ कोटी. सीमाप्रश्नावर दोन्ही बाजूंचे पुढारी कोगनोळीच्या हद्दीवर एकमेकांना अडवतात, तेव्हा पुलाखालून जाणारं पाणी मात्र दोघांचंही असतं.

स्वतःच उघडणारे दरवाजे

दुसरी भिंत भोगावतीवरची, राधानगरीची. इथं जरा थांबायलाच हवं. कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या धरणाचं काम हाती घेतलं. संस्थान लहान, तिजोरी बेताची आणि स्वप्न मात्र शेकडो गावांचं पाणी बांधून ठेवायचं. गावाला नाव दिलं मुलीचं, राधाबाईंचं. तलावाला राणीचं, लक्ष्मीबाईंचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात काम रखडलं, १९२२ मध्ये महाराज गेले आणि भिंत पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला.

या धरणाची खरी गंमत म्हणजे त्याचे सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की दरवाजा आपला आपण उघडतो. बटण नाही, मोटार नाही, 'वरून आदेश' नाही. पाण्याचा दाब आणि वजनांचा तोल, एवढ्यावर सगळा कारभार. पातळी उतरली की दरवाजा तसाच मुकाट मिटतो. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी पडतं. जुलैत कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो, 'राधानगरीचे किती उघडले?' हा असतो. 'सातही' असं उत्तर आलं की पंचगंगेच्या काठावरची माणसं सामान माळ्यावर टाकायला लागतात.

आपल्या बाजूला तीच बातमी वेगळ्या नदीची असते. वेदगंगा पाटगावच्या डोंगरातून येते आणि भोजजवळ दूधगंगेला मिळते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तिनं यमगर्णीजवळ हायवेच अडवला होता. पाटगावला वाट वाकडी करून जाणार असाल तर रिकामी बाटली न्या. ते मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं.

नॉर्वेचं तंत्र, कोयनेचं पाणी

थोडं विषयांतर, पण सोडवत नाही. भरलेल्या तलावाच्या तळाला खालून भोक पाडायचं, तेही तलाव रिकामा न करता! ही युक्ती नॉर्वेतल्या जलविद्युतवाल्यांनी घोटून पक्की केली. तिथं डोंगरात तलाव, खाली फियोर्ड आणि मधे उतार, त्यामुळं सराव भरपूर. डोंगराच्या पोटातून बोगदा तलावाच्या तळापर्यंत आणतात, शेवटचा खडकाचा पडदा शिल्लक ठेवतात आणि तो सुरुंगानं उडवतात. आशियात पहिल्यांदा हे झालं ते आपल्या कोयनेच्या शिवसागरात, १३ मार्च १९९९ ला. मराठी वर्तमानपत्रांनी तेव्हा 'लेक टॅपिंग' हा शब्द घराघरांत पोचवला. २०१२ मध्ये पुन्हा एकदा तोच प्रयोग झाला.

तलावांचंच चाललंय तर अजून एक. न्यूझीलंडच्या क्वीन्सटाउनजवळ वाकाटिपू नावाचा लांबलचक तलाव आहे. त्याचं पाणी साधारण दर पंचवीस मिनिटांनी काही इंच चढतं आणि उतरतं. माओरी लोक सांगतात, तळाशी निजलेल्या राक्षसाचं काळीज अजून धडधडतंय. शास्त्रज्ञ म्हणतात, पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं हिंदकळतं. प्रवासात सांगायला राक्षस बरा.

समुद्र शेजारी, पाणी मात्र आंध्राला

दाजीपूरला पोचलात की तुम्ही अरबी समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम पन्नासेक किलोमीटरवर असता. पण इथं पूर्वेकडच्या उतारावर पडलेला थेंब समुद्राकडं पाठ फिरवतो. भोगावतीतून पंचगंगा, नरसोबाच्या वाडीला कृष्णा आणि मग अख्खं दख्खन ओलांडून आंध्रच्या किनाऱ्याला बंगालचा उपसागर. कृष्णेची एकूण लांबी सुमारे १,४०० किलोमीटर. त्याच डोंगराच्या पश्चिम उतारावर पडलेला थेंब मात्र एक-दोन दिवसांत खारट होतो.

दाजीपूरचं रान एके काळी कोल्हापूरच्या राजांची शिकारीची जागा. १९५८ मध्ये ते अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. आज राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरवर पसरलंय आणि २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत पश्चिम घाटाबरोबर त्याचंही नाव आहे. नॉर्वेचे गाइरांगर आणि नॅरॉय हे दोन फियोर्ड त्याच यादीत २००५ मध्ये आले. म्हणजे सहलीला मान तोच, तिकीट तेवढं स्वस्त.

इथला राजा गवा. पूर्ण वाढलेला नर टनाच्या घरात जातो आणि पायात पांढरे मोजे घातल्यासारखा दिसतो. तो रस्त्यात उभा असेल तर हॉर्न वाजवू नका, खाली उतरून सेल्फी तर मुळीच काढू नका. घाई तुम्हाला असते, त्याला नसते.

मग फियोर्ड कुठाय?

स्पष्टच सांगतो: भारतात फियोर्ड नाही. फियोर्ड व्हायला हिमनदीनं खणलेली उभ्या कड्यांची दरी लागते आणि तीत समुद्र शिरावा लागतो. नॉर्वेचा सोग्नफियोर्ड असा २०५ किलोमीटर आत घुसलाय, आणि त्याची जास्तीत जास्त खोली १,३०८ मीटर. गंमत म्हणजे आत एवढा खोल असलेला फियोर्ड तोंडाशी उथळ असतो, कारण हिमनदीचा जोर तिथं संपलेला असतो.

कोकणातल्या खाड्या निराळ्या. त्या नद्यांनीच कोरलेल्या दऱ्या, पुढं समुद्रानं बुडवलेल्या. पण बुडवणारं पाणी आलं कुठून? सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी जगातलं इतकं पाणी बर्फ होऊन बसलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. कोकणचा किनारा तेव्हा कितीतरी पश्चिमेला होता आणि आजच्या खाड्यांच्या जागी साध्या नद्या वाहत होत्या. मग बर्फ वितळलं. ज्या वितळण्यानं नॉर्वेच्या दऱ्या बर्फातून मोकळ्या झाल्या, त्याच वितळण्यानं समुद्र फुगला आणि वाघोटणची, कर्लीची, तेरेखोलची तोंडं बुडाली. खाडी आणि फियोर्ड ही एकाच पुराची लेकरं. एकाच्या वाट्याला कडे आले, दुसऱ्याच्या वाट्याला माड, कांदळवन आणि तिसऱ्या. जेवणाच्या ताटाचा विचार केला तर कुणाचं नशीब थोर हे उघड आहे.

वाघोटणची खाडी आणि सूर्यातला वायू

फोंडाघाट उतरून मुंबई-गोवा महामार्ग गाठला की खारेपाटण जवळच. आज ते महामार्गावरचं गाव वाटतं, पण जुन्या काळी खाडीतून गलबतं इथवर येत. शिलाहार राजा रट्टराजाचा इ.स. १००८ चा ताम्रपट याच गावात मिळाला. इथून खाडी वळणं घेत जाते ती विजयदुर्गापाशी समुद्राला मिळते. वाटेत गिर्ये गावाजवळ मराठा आरमाराची कातळात खोदलेली गोदी आहे.

विजयदुर्गावर फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी हल्ला केला आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. पेशवे इंग्रजांच्या बाजूनं होते, ही खंत मराठी मनाला अजून डसते. त्या हल्ल्यात रॉबर्ट क्लाइव्ह होता. पुढच्याच वर्षी त्यानं प्लासी जिंकली.

किल्ल्यात 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नॉर्मन लॉकियर इथं आला आणि त्यानं हेलियम शोधला. गोष्ट ऐकायला झकास आहे, पण त्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होता. ग्रहणाचा वर्णपट पाहणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता गुंटूरला. आणि आपल्या सीमाभागाला मिरवायला एक धागा आहे: युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, तेच ग्रहण पाहायला जमखंडीत दुर्बीण लावून बसला होता. लॉकियरनं सूर्यप्रकाशातली हेलियमची तेव्हा अनोळखी असलेली पिवळी रेघ अभ्यासली ती ऑक्टोबरमध्ये, मायदेशी बसून, ग्रहणाशिवाय.

मग विजयदुर्गाची कथा निव्वळ थाप? तसंही नाही. लॉकियर विजयदुर्गाला खरोखर आला होता, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. दोन ग्रहणांची लोकांच्या आठवणीत सरमिसळ झाली. मधल्या काळात, १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झेनं हेलियम पृथ्वीवरही हुडकला होता, क्लेवाइट नावाच्या खनिजातून. हे खनिज मूळ नॉर्वेचं. फियोर्ड आणि खाडी यांचं नातं असं वायुरूपानंही जुळलेलं आहे.

खाडीकाठचे चमत्कार, पटापट

सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला.

आचरे गावात काही वर्षांनी एकदा 'गावपळण' होते. देवाचा कौल झाला की अख्खं गाव गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर राहायला जातं. हॉटेल बुक करण्याआधी एकदा विचारून घ्या, नाहीतर यजमानच झोपडीत सापडायचे.

देवबागला एका बाजूला कर्ली खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावर चक्क गाव नांदतंय. तारकर्लीला मुक्काम असेल तर संध्याकाळी होडीनं या संगमावर जायचंच.

तेरेखोलची खाडी म्हणजे महाराष्ट्र आणि गोव्याची हद्द. तरी तेरेखोलचा किल्ला उत्तरेच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या, काठावर असून गोव्याचा आहे. सीमेवर असं काहीबाही असतंच, हे कोगनोळीकरांना सांगायला नको.

न्यूझीलंडच्या मिलफर्ड फियोर्डात पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर थर धरून तरंगतं. डोंगरातल्या पाल्यापाचोळ्यानं ते चहासारखं काळपट होतं आणि खाली उजेड पोचू देत नाही. त्यामुळं एरवी खोल समुद्रात वाढणारं काळं पोवळं तिथं दहाएक मीटरवरच सापडतं.

पावसाच्या शर्यतीत आंबोली पुढं

मिलफर्डचंच बोलू. तिथं वर्षाला सुमारे साडेसहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि न्यूझीलंडवाले त्याचं मोठं कौतुक करतात. आंबोलीला साधारण सात हजारांच्या पुढं पडतो. मिलफर्डला बारा महिने लागतात, आंबोली जवळजवळ सगळं काम जून ते सप्टेंबरात उरकते. तिथला प्रसिद्ध मायटर पीक आपल्या कळसूबाईपेक्षा थोडासाच उंच, पण समुद्रातून थेट उभा राहिल्यानं तो भाव खाऊन जातो.

आंबोलीचा घाटरस्ता इंग्रजांनी वेंगुर्ल्याचं बंदर बेळगावच्या छावणीला जोडण्यासाठी केला. आज तिथं लोक कावळेसादच्या कड्यावर उलटा धबधबा पाहायला जातात. दरीतून येणारा वारा खाली पडणारं पाणी उचलून पुन्हा वर फेकतो. छत्री नेऊ नका. ती तुम्हाला वाचवणार नाही, तुम्हालाच तिला वाचवावं लागेल.

आंबोलीतच हिरण्यकेशीचा उगम. तिथल्या देवळाच्या कुंडात एक बोटभर मासा राहतो, शिस्तुरा हिरण्यकेशी. २०२० मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली. ती शोधणाऱ्या तिघांत तेजस ठाकरे एक. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. मासा पाहा, पण खाऊ घालायला बिस्किटं टाकू नका.

आंबोलीहून परतीचा रस्ता म्हणजे हिरण्यकेशीचा प्रवासच. आजऱ्याला ती रामतीर्थावर कातळातून उड्या घेते, पुढं गडहिंग्लज, मग संकेश्वर. तुम्हीही त्याच क्रमानं येता. वाटेत आजऱ्याचा घनसाळ तांदूळ घ्यावा. तो सुवासिक आहे, त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि कुकरची पहिली शिट्टी झाली की शेजाऱ्यांना कळतं. संकेश्वरला मिरची. तिथून हायवे लागला की तवंदी घाट, निपाणी आणि घर.

आता कामाचं

पहिला मुक्काम राधानगरी किंवा दाजीपूरला, दुसरा मालवण-तारकर्लीकडं. विजयदुर्ग दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत करा, उन्हात किल्ल्यातला कातळ तापतो. तिसऱ्या दिवशी सावंतवाडीत मोती तलावाकाठी चहा आणि लाकडी खेळणी, मग आंबोली. मुलं बरोबर असतील तर गंजिफाचे गोल पत्तेही दाखवा, मोबाइल दहा मिनिटं तरी बाजूला राहतो.

पाण्याचा थाट बघायचा तर ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत उत्तम: तलाव भरलेले, खाड्या शांत, घाट हिरवे. भर पावसात राधानगरीजवळचा राऊतवाडीचा धबधबा देखणा असतो, पण त्या दिवसांत अभयारण्यात प्रवेश बंद असतो आणि घाटात दरड कोसळण्याची धास्ती असते. समुद्रातल्या होड्याही बंद. एप्रिल-मेमध्ये तलाव तळाला गेलेले असतात. तेव्हा जायचं तर ते फक्त देवगड हापूससाठी, आणि तेही कारण काही लहान नाही.

दाजीपूरला जंगलात शिरायचं तर वनखात्याकडं आधी चौकशी करा. घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा नकाशा निपाणीतच उतरवून घ्या. सुटे पैसे ठेवा, होडीवाल्याकडं आणि घावणे-उसळीच्या टपरीवर ते उपयोगी पडतात. डब्यात भाकरी, खर्डा आणि दही पहिल्या दुपारपुरतंच घ्या. घाट उतरल्यावर सोलकढी, वडे आणि मासे सोडून घरचा डबा उघडणाऱ्याला सहलीला नेण्यात अर्थ नाही.

आणि आंबोलीला पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी जाऊ नका. धबधब्यापेक्षा गर्दीच जास्त अंगावर येते.